मानसोक दौड

आमच्या युनसानच्या सरकारी विद्यापीठात दर वसंतात एक दौड व्हायची. मुख्य फाटकापासून निघायचं, दुतर्फा गिंकोच्या झाडांमधून शेतकी विभागाच्या भातखाचरांना वळसा घालायचा, मागची टेकडी चढायची आणि उतरून ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी थांबायचं. तिचं नाव मानसोक दौड. पहिल्या वर्षाच्या पोरांना वाटायचं, ही चाल विद्यापीठाइतकीच जुनी असणार. वाढदिवस असलेल्या पोराला कासवतळ्यात ढकलतात किंवा परीक्षेच्या आठवड्यात चेरीच्या फुलांकडे बघत नाहीत, तशीच. पण ज्याच्या नावाने ही दौड चालायची त्या प्यो मानसोकला मी ओळखत होतो. त्याला दमा होता. सुटणारी बस पकडायलासुद्धा तो कधी पळाला नाही.

मला सांगायचंय ते त्याच्या आईबद्दल. तिचं नाव मा बुनिम. सोलपो नावाच्या खाडीकाठच्या गावात ती चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची. ओहोटी लागली की एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल रेटायचा आणि फळी ढकलत दूरवर जायचं. भरती यायच्या आत परतायचं. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आला नाही, तेव्हा मानसोक रांगत होता. पुढे हा एकुलता एक पोरगा सरकारी विद्यापीठात लागला. गावातून असा तो पहिलाच, म्हणून गावकऱ्यांनी वेशीवर त्याच्या नावाचं कापड टांगलं होतं. प्रवेशसमारंभाला बुनिमताई आली होती, तेव्हा त्याने तिला मागच्या फाटकाजवळ काळ्या सॉसच्या नूडल्स खायला घातल्या. तिला त्या फार गोड लागल्या, पण त्याने विचारलं तेव्हा ती छान आहेत म्हणाली. हे तिने मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं.

मी तेव्हा ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर होतो. सत्याऐंशी सालचा मे महिना. लष्करी राजवटीविरुद्ध पोरं उठली होती आणि रोज दुपारी मुख्य फाटकाशी एकच प्रकार चालायचा. आत पोरं, बाहेर पोलीस, मध्ये धूर. तो अश्रुधूर पुस्तकांच्या पानांत इतका मुरला होता की एखादं पुस्तक उघडलं तरी शिंका यायच्या. मानसोक धुराच्या दिवसांत फाटकाकडे फिरकत नसे. दम्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, तरी वर्गातली पोरं त्याला "आजोबा" म्हणून चिडवायची. तो हसून घ्यायचा आणि खालच्या वाचनकक्षात बसून राहायचा.

त्या दिवशी वारा आमच्या बाजूला होता. धूर आत यायला लागला तसा तो नाकाला रुमाल लावून माझ्याकडे आला.

"शिनदादा, वरच्या खिडक्या उघड्या राहिल्यात वाटतं. मी लावून येतो."

मी खालच्या खिडक्या लावत होतो. मी मान हलवली आणि तो जिना चढून गेला. थोड्याच वेळात फाटकावरची पोरं पळत इमारतीत घुसली, त्यांच्यामागे पोलीस. सगळा लोंढा जिन्याने वर गेला. खुर्च्या पडल्याचे, काचा फुटल्याचे आवाज आले आणि मग बाहेर कोणीतरी किंचाळलं. मानसोक तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडला होता. त्याला कोणी ढकललं, गर्दीच्या रेट्यात तोल गेला, की श्वास कोंडला म्हणून तो बाहेर वाकला होता, हे बघितलेला एकही माणूस मला आजपर्यंत भेटलेला नाही.

रात्रीपर्यंत त्याच्या मरणाच्या दोन गोष्टी तयार झाल्या. पोलिसांच्या गोष्टीत तो चिथावणीखोर होता आणि पकडला जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच उडी मारली. पोरांच्या गोष्टीत तो खिडकीत उभा राहून शेवटपर्यंत घोषणा देत होता. सकाळी ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर त्याचा चेहरा रंगवलेलं भलंमोठं कापड सोडलेलं होतं. चेहरा त्याचाच, पण मूठ वळलेली.

बुनिमताई आली तेव्हा तिच्या घोट्यांवर चिखल वाळलेला होता. निरोप मिळाला तेव्हा ती चिखलातच होती, तशीच बसमध्ये बसली. इस्पितळाच्या शवागाराबाहेर पोरं साखळी करून बसली होती. पोलीस प्रेत उचलून नेतील अशी त्यांना भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. तिला वाट द्यायला पोरं उठली आणि एकेकाने तिच्यापुढे जमिनीला डोकं टेकलं. कोणाला काय म्हणावं हे तिला कळेना. ती भेटेल त्याला एकच विचारत होती, "तो तिथे वर काय करत होता?"

मी तिला गाठून माहीत होतं तेवढं सांगितलं. खिडक्या लावायला गेला होता. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"हो," ती म्हणाली. "घरीही वारा सुटला की आधी खिडक्या लावायचा. मी ओरडायचे, अरे कपडे आधी आत घे."

हेच मी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यालाही सांगितलं. त्याने पेन टेबलावर ठेवून दिलं आणि विचारलं की मला नोकरी करायची आहे ना. मग विद्यार्थी संघाचा सचिव बांग सुचॉल याला सांगितलं. तो दोन रात्री झोपला नव्हता, आवाज बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि म्हणाला, "दादा, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला समजतं. पण खिडकी लावायला गेलेल्या पोरासाठी माणसं रस्त्यावर येत नाहीत." एवढं बोलून तो तोंड फिरवून रडायला लागला. मानसोक वसतिगृहात त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचा.

मग ओढाताण सुरू झाली. सरकारी माणसं बुनिमताईच्या दिराला घेऊन आली. दीर मच्छीमार सोसायटीत कारकून. त्याचा चेहरा पार उतरला होता. तो वहिनीला सांगत होता की आज संध्याकाळीच गावी नेऊन शांतपणे पुरून टाकू, नाहीतर माझी पोरंबाळं उघड्यावर येतील. पोरं म्हणत होती की विद्यापीठातून अंत्ययात्रा निघाल्याशिवाय प्रेत हलू द्यायचं नाही. बुनिमताईला त्याला गावी न्यायचं होतं, पण असं चोरून नव्हे. गावाच्या टेकडीवर त्याच्या बापाची रिकामी कबर होती, तिच्या शेजारी त्याला ठेवायचं होतं, दिवसाउजेडी, गावकऱ्यांसमोर. या दोन बाजूंमध्ये तिची अशी तिसरी इच्छा आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

बांग तिच्यापुढे गुडघे टेकून म्हणाला, "आई, मानसोक आता एकट्या तुमचा राहिला नाही."

तिने त्याच्याकडे बघून शांतपणे विचारलं, "त्याला मुळा आवडत नाही, माहितीये तुला?"

 

शेवटी कुठेतरी बसून मोठ्या लोकांनी तोडगा काढला. यात्रा फाटकाच्या आतच फिरवायची आणि दफन शहराबाहेरच्या नगरपालिकेच्या दफनभूमीत करायचं. असं कोणालाच नको होतं, पण झालं तसंच. यात्रेला इतकी माणसं होती की गिंकोंची खोडंसुद्धा दिसत नव्हती. हजारो तोंडांनी मानसोकचं नाव घेतलं. बुनिमताईला दोन मुलींनी दोन्हीकडून धरलं होतं. ती कोणाला तरी हळूच सांगत होती, जरा हळू चाला. ते कोणाच्या कानावर गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात सरकार नमलं, निवडणुका घ्यायला तयार झालं. पोरं सोलपोला जाऊन तिला सांगून आली की यात मानसोकचा मोठा वाटा आहे. तिने त्यांना तिसऱ्यांचं गरम कालवण आणि भात वाढला.

पुढच्या वसंतात बांग तिला बोलवायला गेला. मानसोकच्या नावाने दौड ठेवली आहे म्हणाला.

"दौड?" ती म्हणाली. "अरे, त्याला धाप लागायची."

"आई, ते आपलं एक प्रतीक आहे."

प्रतीक म्हणजे काय हे तिने पुढे मला विचारलं. मलाही धड सांगता आलं नाही. पण ती आली. सकाळच्या पहिल्या बसने, मोठी किटली भरून जवाचा थंड चहा आणि डोक्यावर भाकरीएवढ्या चकत्यांचं मोगऱ्यासारखं पांढरं तांदळाचं खाजं घेऊन. ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी एक काळा दगड बसवला होता, त्यावर मानसोकचं नाव आणि खाली चार ओळी, त्यातली एक अशी की तो खिडकीत ताठ उभा होता. तिला वाचता येत होतं, पण सावकाश. तिने बोट फिरवत सगळं वाचलं, कमरेला खोचून आणलेल्या फडक्याने दगड पुसला आणि मग घामाघूम होऊन येणाऱ्या पोरांना चहा ओतायला बसली.

ती दरवर्षी येऊ लागली. पोरं तिला आई म्हणायची. विद्यार्थी संघाचा अध्यक्ष बदलला तरी नवा अध्यक्ष दौडीच्या आधी सोलपोला जाऊन तिला नमस्कार करून यायचा, असा रिवाजच पडला. तिला सभांना नेलं जायचं, माईक हातात दिला जायचा. ती म्हणायची, "वेळेवर जेवत जा," आणि माईक परत द्यायची. टाळ्या पडायच्या. नंतर मला विचारायची, "शिनभाऊ, मी विनोद केला का काही?"

एकदा मी तिला विचारलं की खोट्या ओळी कोरलेल्या दगडाचा तिला राग येत नाही का. ती दगडापाशी उकिडवी बसली होती.

"येतो की," ती म्हणाली. "पण वर्षात एक दिवस इथे त्याच्या नावाने हाक तरी मारतात. गावात आता कोणी नाव काढत नाही. मला वाईट वाटेल म्हणून."

वर्षं गेली. लष्करी राजवटीची आठवण असणारी पोरं पास होऊन गेली, त्यांच्यानंतरची नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करणारी आली. अश्रुधुराचा वास पुस्तकांतून निघून गेला. दौडीच्या आधीची सभा लहान होत गेली, मग बंद झाली. दौड मात्र वाढली. रंगीत बनियन आले, छातीवर आकडे आले, बँकेने आणि आइस्क्रीमवाल्याने तंबू टाकले. बक्षीस म्हणून सायकल. बुनिमताईची किटली तंबूंच्या रांगेत कुठे ठेवायची हा प्रश्न पडायला लागला, कारण प्रत्येक तंबूची जागा आधीच ठरलेली असायची. स्वयंसेवक पोरं चांगली होती. तिला सावली बघून कोपऱ्यात बसवायची.

एका वर्षी एक मुलगी पळून आल्यावर तिच्याकडे चहा प्यायला बसली. गाल लाल झालेले, बोलकी पोर. दोन पेले संपवून तिने विचारलं, "आजी, हा मानसोक कोण हो? ऑलिंपिकला गेला होता का?"

"माझा मुलगा," बुनिमताई म्हणाली.

"अय्या, खरंच? मग लहानपणापासूनच पळत असेल."

"नाही गं. त्याला धाप लागायची."

मुलगी हसली. तिला वाटलं आजी गंमत करते आहे. बुनिमताईही थोडं हसली आणि तिने तिसरा पेला भरून दिला. मी मागे उभा होतो. त्या मुलीला जवळच्या दगडाकडे बोट दाखवून चार शब्द सांगावेत असं मनात आलं, पण दगडाला टेकून कोणीतरी पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचली होती.

मग आमच्या प्रांतात पोरंच कमी जन्माला यायला लागली. वर्ग ओस पडले, पहिल्यांदा फ्रेंचचा विभाग बंद झाला, मग आणखी दोन. विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला उमेदवार मिळेना. संघाच्या खोलीला कुलूप लागलं. वरून फर्मान आलं की शेजारच्या शहरातलं सरकारी विद्यापीठ आणि आमचं मिळून एक करायचं. नाव नवं, बोधचिन्ह नवं. भांडण नको म्हणून दोन्हीकडच्या जुन्या प्रथा बाजूला ठेवून कोरी सुरुवात करायची असं ठरलं. जुनं ग्रंथालय पाडून त्या जागी नवं बांधायचं होतं. मी तोवर निवृत्त झालो होतो. बातमी मला पेपरातून कळली, आणि फोन करून बुनिमताईला मीच सांगितली.

तेव्हा उपकुलगुरू होता बांग सुचॉल. समाजशास्त्र शिकवून शिकवून त्याचे केस पिकले होते. बुनिमताईला घेऊन मी त्याच्या कार्यालयात गेलो. तो धावत दारापर्यंत आला, तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं, स्वतः खाली टेकायला लागला तेव्हा तिने त्याला उठवलं. "अरे, तुझे गुडघे आता माझ्याहून वाईट झाले असतील."

त्याने आडपडदा ठेवला नाही. दगड काढावा लागेल. बांधकाम होईपर्यंत रोपवाटिकेच्या मागच्या आवारात ठेवतील, मग समिती जागा ठरवेल. समितीत दुसऱ्या विद्यापीठाची माणसं जास्त आहेत. दौड शरद ऋतूत नव्या नावाने होईल, आरोग्य दौड की असंच काहीतरी. त्याने बैठकीत मांडून बघितलं होतं. त्याच्या बाजूने दोन हात वर झाले होते, त्यातला एक त्याचा स्वतःचा.

"दगड मी घरी नेऊ का?" तिने विचारलं. "अंगणात ठेवीन. जागा आहे."

बांगने मान खाली घातली. "ती सरकारी मालमत्ता आहे, आई. बाहेर नेता येत नाही."

"बरं."

"आई, माझ्या हातात असतं तर..."

"नसेल रे. तेव्हाही नव्हतं तुझ्या हातात काही." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते त्याला जास्त लागलं असावं. तो खिशात रुमाल शोधायला लागला. ती थोडा वेळ खिडकीबाहेरच्या गिंकोंकडे बघत बसली.

"नाव काढताय ते काढा," ती म्हणाली. "त्यालाही पळण्यातून सुटका मिळेल. फक्त मला एवढं सांगा, मग मी कोणत्या दिवशी येऊ?"

त्याने तिला कधीही या म्हणून सांगितलं. गाडी पाठवीन म्हणाला. तिने मान हलवली. कधीही या म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही कळत होतं. ज्याला बोलवायचं असतं त्याला माणूस दिवस सांगतो. बांगच्या खोलीतून निघालो तेव्हा तो आम्हाला बसथांब्यापर्यंत सोडायला आला आणि बस वळेपर्यंत वाकून उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याने पद सोडलं.

त्याने पद सोडण्याआधीच्या वसंतात, दौडीच्या जुन्या तारखेला, आम्ही दोघं गेलो होतो. ग्रंथालयाभोवती पत्रे ठोकले होते. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. डोक्याला बांधकामाची टणक टोपी नसेल तर सोडताच येत नाही, तो गयावया करत सांगत होता. रोपवाटिकेच्या मागे बघायला गेलो तर तिथे कुंपणाआड ताडपत्री टाकलेले बरेच दगड होते. कुठल्या कुठल्या विभागांच्या पायाचे, देणगीदारांच्या नावांचे. त्यातला आपला कुठला हे बाहेरून समजायला मार्ग नव्हता. बुनिमताई फडकं हातात धरून कुंपणाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने कुंपणाची तारच थोडी पुसली आणि चला म्हणाली.

नवं ग्रंथालय उघडलं तेव्हा त्याच्या तळमजल्यावर विद्यापीठाच्या इतिहासाचं दालन केलं होतं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की त्यात मानसोक दौडीचा फोटो आहे. मी तिला घेऊन गेलो. तोवर ती काठी घेऊन चालायची. दालन सुंदर होतं, थंडगार. शेतकी शाळेच्या काळातला नांगर, जुन्या टोप्या, कासवतळ्यात ढकलल्या जाणाऱ्या पोराची चलचित्रफीत. दौडीचा फोटो भिंतभर मोठा होता. रंगीत बनियनांची गर्दी, आणि डाव्या कोपऱ्यात, हातात पेला धरलेली, बुनिमताई. खाली लिहिलं होतं: "विद्यापीठाची क्रीडा परंपरा. धावपटूंना चहा देताना एक स्थानिक रहिवासी."

मानसोकचा फोटो कुठेच नव्हता. तिने सगळं दालन दोनदा बघितलं. दालनाच्या टेबलाशी बसलेल्या मुलीकडे मी सांगायला जायला लागलो, तर बुनिमताईने माझी बाही धरली.

"राहू द्या, शिनभाऊ. ती पोर तेव्हा जन्मलीही नव्हती."

मग ती स्वतःच त्या मुलीपाशी गेली. मला वाटलं काही सांगेल. तिने विचारलं, "बाळ, या इमारतीच्या खिडक्या उघडतात का गं?"

"नाही आजी, सगळ्या पक्क्या बसवलेल्या आहेत. आत एसी असतो ना. तुम्हाला गरम होतंय का?"

"नाही, नाही," बुनिमताई म्हणाली. "बरं केलं."

आम्ही मागच्या फाटकाजवळ जेवलो. मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेलं तिखट लोणचं, तिने माझ्याकडे सरकवली आणि माझ्या ताटातला कोबी घेतला. दालनाबद्दल बोलली नाही. खाडीवर आता बांध घालणार आहेत, बाहेरून माणसं मोजमाप करून गेली, एवढं सांगितलं, आणि गावकरी काय करणार म्हणून मी विचारलं तर म्हणाली, सभा घेतायत.

त्यानंतर ती युनसानला आली नाही. गुडघ्यांनी चिखल सोडायला लावला, मग बसही. दिराची धाकटी मुलगी तिला आपल्या घरी घेऊन गेली, इथून फार लांब, डोंगरातल्या एका गावी. या वसंतात त्या तारखेला मी फोन केला. ती दवाखान्याच्या रांगेत होती, मागून नंबर पुकारल्याचा आवाज येत होता. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, पुतणीची पोरं चांगली आहेत म्हणाली. मी तारखेचा विषय काढला नाही. तिनेही नाही. पण फोन ठेवता ठेवता तिने विचारलं की मी जेवलो का, आणि मी हो म्हणालो, तरी ती थोडा वेळ फोन धरून राहिली.